साडेनऊला तीनदा

इंजिन बेळगावहून ट्रकने धक्क्यापर्यंत आलं.
पुढे दोन होड्या शेजारी बांधून, वर फळ्या टाकून.
भरती चुकली असती तर
आमच्या खारशेवाड्याचा उजेड गाळात रुतला असता.
सांतान तांडेल म्हणाला, नवरी आहे, हळू.

दहा रुपयांचा एक शेअर. रोकड नसेल तर नारळ.
रोगू गावसाने खांबांसाठी किंदळीचे सोट दिले
आणि वर्षभर सगळ्यांना ते ऐकवलं.

प्रभुदेसाई मास्तर वही लिहीत:
संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ.
देवळापुढे एक दिवा, खुरसापुढे एक,
दोन्ही सारख्या वॅटचे.
यावर अडीच तास चर्चा झाली,
शेवटी दोन्ही बल्ब एकाच खोक्यातून काढले,
सगळ्यांच्या देखत.

मी सोळाचा. हँडल मारायला मी.
एकदा उलटं फिरलं, मनगट सुजलं,
तेही वहीत आहे, मलमाच्या पाच आण्यांसकट.
पैसे नवे येऊन किती वर्षं झाली होती,
मास्तर आण्यांतच लिहीत.

बंद करण्याआधी इंजिनचा वेग तीनदा उतरवायचा,
दिवे तीनदा डुलायचे, सगळ्या वाड्यात एकदम.
पहिल्या डुलकीला पोरं दप्तरं आवरत, बायका चिमण्या पेटवत.
उरलेल्या दोन कशासाठी,
कुणालाच ठाऊक नव्हतं. पण दोनवर थांबलो असतो
तर माणसं भांडायला आली असती.

द्वारकीच्या सुनेला कळा लागल्या त्या रात्री
इंजिन पहाटे चारपर्यंत चाललं.
एकाच तारेवर सगळे; तिच्या खोलीत उजेड हवा
तर सगळा वाडाच जागा.
पुरुष विड्या ओढत बसले, कुणीतरी पेज टाकली.
रडण्याचा आवाज आला तेव्हा मी न विचारता
एक डुलकी दिली.
मास्तरांनी लिहिलं: जादा डिझेल पावणेचार लिटर.
कारण: मुलगी.
वार्षिक सभेत हरकत कुणी घेतली नाही.

शेअर एकेचाळीस आपोलीनचा.
घरात वायर नको म्हणाली. बल्ब नको.
माझा दिवा मानशीवर लावा.
मास्तरांनी पेन थांबवलं, मग लिहिलं: बांधावर.
विचारण्यासारखं काही नव्हतं.
तिचा पेद्रू अमावस्येला कोळंबीचं जाळं बांधायला
त्याच मानशीवर गेला होता. जाळं सापडलं.

मग सरकारची लाइन आली, सिमेंटच्या खांबांवरून,
रस्त्यारस्त्याने.
इंजिन भंगारात गेलं, सोसायटी मोडली,
शेअरमागे अकरा रुपये चाळीस पैसे परत.
रांगेत सह्या, अंगठे.
आपोलीनने पैशांना हात लावला नाही.
ज्युनियर इंजिनिअरला तिने मानशीचं विचारलं.
तो म्हणाला, बाई, तिथे घर नाही.
घर ना म्हणूनच न्हू, म्हणाली ती,
आणि उत्तराची वाट न बघता उतरून गेली.

त्या पहिल्या रात्री
साडेनऊ वाजले, दहा वाजले,
दिवे तसेच, ठक्क जळत.
वाडा ओसरीवर येऊन बसला होता.
नव्या विजेला निरोप घ्यायचं कुणी शिकवलंच नव्हतं.
अकराला रोगूने उठून आपल्या घरचं बटण
बंद, चालू, बंद, चालू, बंद केलं. मोजताना चुकला.
मग लोक झोपायला गेले.

वही माझ्या ट्रंकेत आहे.
शेवटचा ठराव: हँडल म्हाबळूकडे राहावं.
राहिलंय, दाराला टेकण म्हणून.
एकेचाळीसपुढे सहीची जागा कोरी,
पाकिटात अकरा चाळीस, त्या वेळच्या नोटा.
आपोलीनला जाऊन किती वर्षं झाली ते वहीत नाही.

बांधावर अजून खांब नाही.
कोळंबीच्या दिवसांत पोरं रात्री मानशीवर उतरतात,
मी बॅटरी घेऊन वर उभा राहतो.
म्हाताऱ्याला झोप नाही, म्हणतात.
म्हणू देत.